एकांताचा बंदोबस्त

मनुष्यास एकांताची ओढ केव्हापासून लागली, याचा निर्णय विद्वानांनी सवडीने करावा. परंतु त्या एकांताची जागा कोणी निवडावी, हा प्रश्न मात्र निदान रामायणाइतका जुना आहे, यास ग्रंथाधार आहे. अगस्त्य ऋषींनी सुचविलेल्या पंचवटीस पोहोचल्यावर श्रीरामांनी लक्ष्मणास आज्ञा केली, की पाणी जवळ असेल, अरण्य रमणीय असेल आणि सीतेसही करमेल, असे एखादे स्थळ पाहा. त्यावर लक्ष्मणाने हात जोडून सांगितले, की आपण असता मी पराधीन आहे. जागा आपण दाखवावी, पर्णकुटी मी बांधतो. भाष्यकारांना या उत्तरात बंधुभक्तीचा परमोत्कर्ष दिसतो, आणि तो आहेही. तथापि चार आप्तांसह नदीकाठच्या रानात रात्र काढण्याचा योग ज्यास आला आहे, त्यास या उत्तरात आणखी एका सद्गुणाचे, म्हणजे दूरदृष्टीचे, दर्शन घडल्यावाचून राहत नाही. कारण तंबू कोणी ठोकला हे पुढे कोणी विचारत नाही. जमीन उताराची का, वारूळ इतके जवळ का, आणि पलीकडच्या तंबूतील मंडळी एवढ्या मोठ्याने का हसतात, या सर्व तक्रारी जागा निवडणाराच्याच नावे दाखल होतात.

आपल्याकडे वनात एकटे असे सहसा कोणी गेलेलेच नाही. द्यूतात सर्वस्व गमावून पांडव वनवासास निघाले, तेव्हा त्यांच्यामागून ब्राह्मणांचा एवढा समुदाय निघाला, की या सर्वांच्या भोजनाची तजवीज कशी लावावी, या विवंचनेत धर्मराजास स्वतःच्या विपत्तीचे दुःख करण्यासही नीट फुरसत मिळाली नाही. अखेर धौम्यांच्या उपदेशावरून सूर्याची आराधना झाली, अक्षय पात्र प्राप्त झाले, द्रौपदी जेवेपर्यंत अन्न सरणार नाही अशी व्यवस्था लागली, आणि मगच वनवास यथासांग सुरू झाला. यावरून मी असा एक सिद्धान्त बसविला आहे, की एकांत जितका निबिड, तितका त्याच्या पाठीमागचा बंदोबस्त मोठा. आणि ज्या एकांतास बंदोबस्त लागत नाही, त्यास व्यवहारात एकांत न म्हणता गरिबी म्हणतात.

इतिहासकाळात या सिद्धान्ताचा सर्वांत भव्य प्रयोग आपल्याच मुलखात झाला. औरंगजेब बादशहा १६८१ साली दक्षिणेकडे निघाला, तो १७०७ साली देह ठेवीपर्यंत दिल्लीस परतला नाही. आयुष्याचे अखेरचे पाव शतक त्याने बव्हंशी छावणीतच काढले. त्या छावणीत बाजार होते, कचेऱ्या होत्या, कारखाने होते. बादशहाची स्वारी हलण्यापूर्वी तंबूंचा दुसरा तितकाच सरंजाम, ज्यास पेशखाना म्हणत, एक मजल पुढे जाऊन उभा राहत असे. एवढा जामानिमा असूनही १७०० साली माण नदीच्या काठी खवासपूर येथे मुक्काम असता रात्रीच्या सुमारास नदीस अकस्मात लोंढा आला, लष्करात एकच हलकल्लोळ उडाला, आणि मराठेच छावणीत घुसले अशा समजुतीने लगबगीने उठलेल्या आलमगिराचा पाय अडखळून गुडघा निखळला. तो पुढे जन्मभर लंगडत चालला. त्यावर दरबारी मंडळींनी अशी समजूत घातली म्हणतात, की हे वैगुण्य नसून थोर पूर्वज तैमूरलंगाचा वारसाच होय. रात्री तंबूत उठून धडपडलेल्या गृहस्थाचे इतके उदात्त सांत्वन अन्यत्र झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आमच्या मेहुण्यांवर असाच प्रसंग ओढवला, तेव्हा आतून "टॉर्च उशाशी ठेवायला काय झालं होतं?" एवढाच उद्गार निघाला आणि त्या विषयावर पडदा पडला.

पुढे इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचा साहेब हिवाळा लागताच दौऱ्यावर निघे आणि एखाद्या आमराईत तंबू देऊन राही. दफ्तरांच्या पेट्या, टेबलखुर्च्या, स्वयंपाकाचा सरंजाम व स्नानाचा टब हे बैलगाड्यांतून येत. पट्टेवाले, शिरस्तेदार आणि गावोगावचे अर्जदार आपल्या पायांनी येत. या सर्वांच्या मधोमध बसून साहेब विलायतेस पत्र लिही आणि त्यात भोवतालच्या निःशब्द एकांताचे वर्णन करी. ते पत्र टपालात टाकण्यासाठी चार मैल चालत जाणारा शिपाई त्या एकांताच्या हिशेबात धरला जात नसे.

आज हाच बंदोबस्त ठेक्याने मिळतो. मुंबई-पुण्याच्या माणसास निसर्गाची उबळ आली, की पवनेचा काठ, भंडारदऱ्याचा काठ, कोयनेच्या फुगवट्यावरचा तापोळ्याचा काठ असे अनेक काठ त्याच्यापुढे हजर होतात. पैकी आम्ही गेलो तो रायगड जिल्ह्यात कोलाडच्या वर, कुंडलिकेचा. मुंबईहून सव्वाशे किलोमीटरांच्या आत असलेले हे स्थळ ज्या महामार्गाने गाठावे लागते, त्याचे रुंदीकरण पाहता पाहता एक पिढी शाळेतून बाहेर पडून संसारास लागली, त्यामुळे अंतराचा आकडा येथे केवळ वाङ्मयीन महत्त्वाचा आहे. जाहिरातीत त्या जागेचे वर्णन 'संपूर्ण निर्जन' असे केले होते, आणि त्याच्याच खालच्या ओळीत 'मोठ्या समुदायांची उत्तम सोय' असे आश्वासन होते. ही दोन्ही वाक्ये एकाच कारकुनाच्या हातची असावीत, आणि तो कारकून तत्त्वज्ञ असावा.

आमच्या मंडळीत आमची सौभाग्यवती, तिचे बंधू, त्यांचे कुटुंब व मुले, आणि शेजारचे एक निवृत्त मामलेदार इतके जण होते. या गृहस्थांस सारी चाळ रावसाहेब म्हणते. त्यांची सारी हयात महसूल खात्यात गेल्यामुळे निसर्ग त्यांस अपरिचित नव्हता. मात्र तो त्यांनी आजवर सात-बाराच्या उताऱ्यावर पाहिला होता. निघण्यापूर्वी त्यांनी सामानाचा जाबता केला, तो असा: सतरंज्या, उशा (स्वतःची असल्यावाचून झोप लागत नाही अशा), पाण्याचे कॅन, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लिंबाचे लोणचे, डासांचे मलम, पोटाचे चूर्ण, चार्जर, चार्जरचा चार्जर, देवपूजेची लहान पेटी, आणि 'साधे जीवन' या विषयावरील एक इंग्रजी पुस्तक. घर सोडून चार भिंतींपलीकडे जावे, या हेतूने निघालेल्या आमच्याजवळ गाडी भरली तेव्हा भिंती तेवढ्या नव्हत्या.

जागा खरोखर सुंदर होती, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. माघ सरत आला होता. पळस आणि पांगारा पेटले होते, सावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर तांबड्या फुलांभोवती साळुंक्यांची कचेरी भरली होती, काठावर बांबूची बेटे होती आणि ऐन-किंजळीच्या रानातून डोंगर वर चढत गेला होता. रावसाहेबांनी हे सर्व एका दृष्टिक्षेपात घेऊन आमच्या तंबूची चतुःसीमा ठरविली: पूर्वेस नदी, पश्चिमेस स्वच्छतागृहाकडे जाणारी वहिवाटीची वाट, दक्षिणेस ठाण्याहून आलेले एक कुटुंब, आणि उत्तरेस वाढदिवस. हा उत्तरेकडील वाढदिवस एका तरुणाचा होता, आणि तो तीस-चाळीस स्नेह्यांसह तो साजरा करण्यासाठी नेमका निर्जन स्थळी आला होता.

दुपारी तंबूत शिरण्याचे साहस कोणी करू नये. याच खोऱ्यात भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि त्या दिवशी वर्तमानपत्रांतून त्या चिमुकल्या गावाचे नाव देशभर झाले. आम्ही गेलो तेव्हा इतका कहर नसला, तरी नायलॉनच्या घुमटाखाली पडून निसर्गाचे चिंतन करणारा मनुष्य थोड्याच वेळात मोक्षाचे चिंतन करू लागतो. सबब सारी छावणी झाडांच्या सावलीत गोळा झाली, आणि नदीकाठच्या एका मोठ्या काळ्या खडकाचा शोध लागला. या खडकावर उभे राहिले असता मोबाईलला संपर्क मिळत असे. अन्यत्र कोठेही मिळत नसे. संपर्क नाही म्हणून ज्या जागेचे भाडे अधिक दिले होते, त्या जागेतील हा एवढाच दोष. परंतु त्या दोषापाशी दिवसभर रांग असे. जगाशी संबंध तोडल्याचे जगास कळविल्यावाचून तो तुटत नाही, हे त्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या चर्येवर दिसत होते.

संध्याकाळी ठेकेदाराच्या व्यवस्थेप्रमाणे शेगडीवर पनीरचे चौकोन भाजण्याचा विधी सुरू झाला. हे पनीर आमच्याइतकेच दूरचे प्रवासी होते आणि आमच्याहून अधिक दमलेले दिसत होते. तेवढ्यात छावणीच्या हद्दीबाहेर, शेताच्या बांधालगत, तेथील नोकरमंडळी आपल्यापुरती पोपटी लावीत असल्याचा सुगावा वाऱ्याने दिला. रायगडाकडे हिवाळ्यात वालाला शेंगा धरल्या, की हा प्रकार होतो, आणि ज्याने तो खाल्ला नाही त्याने या जिल्ह्याविषयी मत देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरावा. वर वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, मीठ, ओवा असे थर द्यावेत. पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद करावे. मडके उपडे घालून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करावा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. रानात आपोआप वाढणाऱ्या त्या भांबुर्ड्याच्या कडवट सुगंधात सर्व जिन्नस आपल्याच रसात शिजतात, आणि मडके उघडताच जो दरवळ सुटतो, त्यापुढे पाकशास्त्राच्या ग्रंथांनी उठून उभे राहावे. हळूहळू पनीरापाशी केवळ ठेकेदाराचा माणूस उरला. वाढदिवसाचा नायकही केक तसाच टाकून मडक्यापाशी उकिडवा बसला. नोकरमंडळींनी आढेवेढे न घेता सर्वांस शेंगा वाटल्या. आमच्या आगमनाने त्यांचा एकांत मोडला, अशी तक्रार त्यांच्यापैकी कोणीच केली नाही, कारण त्यांनी तो विकत घेतलेला नव्हता.

रात्रीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. तंबूचे कापड दृष्टीस अडविते, श्रवणास अडवीत नाही. त्यामुळे दिवे मालवल्यावर सबंध छावणी ही एकच खोली होते, आणि तीत पन्नास-साठ परस्परांस अपरिचित माणसे एकत्र निजतात. प्रथम काही काळ घोरण्याचे निरनिराळे संप्रदाय आपापली बाजू मांडीत होते. मग दक्षिणेकडून ठाणेकर गृहिणीचा दबलेला स्वर आला: "अहो, निघताना गॅस बंद केला होता ना?" त्या प्रश्नासरशी सारी छावणी निःशब्द झाली. घोरणारेही थांबले. अंधारात प्रत्येक जण मनाने आपापल्या स्वयंपाकघरात जाऊन, ओट्यापाशी उभा राहून, बटण कोणत्या बाजूस वळले होते ते आठवू लागला. जाहिरातीत वर्णिलेली ती नितांत शांतता त्या रात्री प्रत्यक्षात अवतरली ती एवढीच, आणि तीही रावसाहेबांच्या "आमच्याकडे पाइपाचा आहे" या खुलाशाने भंगली.

त्यानंतर नदीपलीकडे टिटवी ओरडू लागली. टिटवीचा स्वभाव संशयी. तिच्या अंड्यांपासून फर्लांगभर अंतरावरून कोणी गेले, तरी ती त्यास चोर समजून गाव गोळा करते. रावसाहेबांस ही दक्षता फार पसंत पडली. गस्त घालणारा असा एक शिपाई आपल्या तालुक्यात असता, तर वाळूची एक गाडी हालती ना, असे ते म्हणाले. थोड्या वेळाने तंबूच्या कापडाला बाहेरून काहीतरी घासून गेले. मेहुण्यांच्या मते ते जनावर बिबट्याच्या आकाराचे होते. मेहुण्यांच्या पत्नीच्या मते ते कुत्रे होते. या कुत्र्याने वाढदिवसाचा केक खाल्ल्याचे सकाळी निष्पन्न झाले. परंतु मुंबईस परत जाईपर्यंत त्या कुत्र्याच्या अंगावर ठिपके उमटलेले असतील, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती.

सकाळी जाग आली ती पाण्याच्या गर्जनेने. आदल्या दिवशी जेथे गुडघाभर पाण्यात मुले खडे वेचीत होती, तेथे आता नदी दुथडी भरून, फेस उधळीत, तरुणासारखी धावत होती. रबरी होड्या तीत उड्या घेत होत्या आणि होड्यांतील सुशिक्षित माणसे प्राथमिक शाळेतल्या आवाजात ओरडत होती. फाल्गुन तोंडावर असता, आकाशात ढगाचा टिपूस नसता, हे पाणी आले कोठून, याची चौकशी रावसाहेबांनी तात्काळ सुरू केली, आणि त्या चौकशीत जे बाहेर आले ते माझ्या सिद्धान्तास इतके अनुकूल होते, की मी ते मुद्दाम सविस्तर देतो.

हे पाणी कुंडलिकेचे नव्हेच. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे मुळा नदीवर मुळशीस टाटांनी धरण बांधले. ज्या मुळेने पुण्यास मुठेची भेट घ्यावी, भीमेत शिरावे, भीमेबरोबर कृष्णेस मिळावे आणि सारे द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरात विलीन व्हावे असे विधिलिखित होते, तिचे पाणी अडवून, डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस वळवून, सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडण्याची तजवीज झाली. हे वीजघर १९२७ साली सुरू झाले, आणि त्याची वीज मुंबईस जाऊ लागली. चक्रे फिरवून झाल्यावर तेच पाणी खाली कुंडलिकेत उतरते आणि रेवदंड्याच्या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळते. म्हणजे आम्ही जिला निसर्गकन्या समजून नमस्कार केला, ती नदी बदलीच्या हुकमाने या जिल्ह्यात रुजू झालेली असून, वीजघराच्या वेळापत्रकाप्रमाणे हजेरी लावणाऱ्या सरकारी नोकरासारखी आहे. फरक इतकाच, की ती वेळेवर येते.

धरणाखाली ज्यांची घरे आणि भातखाचरे गेली, त्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला, आणि त्याच्या नेतृत्वामुळेच पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती' झाले, हे येथे सांगितले पाहिजे. त्या लोकांस नदीकाठी राहण्यासाठी कोणतीही जाहिरात वाचावी लागली नव्हती. तेथून त्यांस उठविले, आणि त्याच पाण्याच्या शेपटापाशी आम्ही भाडे भरून एक रात्र राहण्यास आलो, या व्यवहाराकडे पाहून हसावे की काय करावे, हे मला अद्याप समजलेले नाही. नेहमीप्रमाणे मी हसण्याचा मार्ग पत्करतो; तो सोयीचा असतो.

आता या प्रकरणातील तर्क पाहा. मुंबईतील मनुष्य कोलाहलास, दिव्यांच्या झगमगाटास आणि वातानुकूलित कोंडवाड्यास विटून नदीकाठी येतो. नदीस पाणी केव्हा येते? वीजघराची चक्रे फिरतात तेव्हा. चक्रे केव्हा फिरतात? मुंबईस वीज लागते तेव्हा. सारांश, मुंबईत राहिलेली माणसे दिवे, पंखे व वातानुकूलन यंत्रे इमानाने चालू ठेवतात, म्हणून येथे आलेल्या माणसांपुढे निसर्ग खळाळतो. उद्या सगळी मुंबई एकाच दिवशी साध्या जीवनाच्या ओढीने घरची बटणे बंद करून कुंडलिकेच्या काठी येऊन बसली, तर तीस नदीच्या जागी गोटे पाहावे लागतील. ज्या शहराचा त्याग करावयाचा, त्याच्याच भरभराटीवर त्यागाचे सौंदर्य अवलंबून असावे, अशी योजना वेदान्त्यांनाही सुचली नव्हती.

हा तर्क मी सर्वांस समजावून सांगितला. सौभाग्यवतीने "बरं" म्हटले. मेहुणे बिबट्याच्या पावलांचे ठसे शोधण्यास गेले. रावसाहेबांनी मात्र तो अत्यंत गांभीर्याने ऐकून घेतला, कारण होडीत बसण्यासाठी त्यांचा क्रमांक दुपारच्या फेरीत लागला होता, आणि दुपार होताच नदी ओसरू लागली. बघता बघता खडक उघडे पडले, होड्या वाळूवर टेकल्या, आणि नारिंगी जाकीट व शिरस्त्राण घालून काठावर सज्ज उभे असलेले रावसाहेब एकाकी दिसू लागले.

"हे पाणी कोणाच्या हुकमाने बंद झाले?" त्यांनी होडीवाल्या पोराला विचारले.

"वरून बंद केलं, साहेब."

"वरून म्हणजे कोणी? लेखी हुकूम आहे का?"

"ते काय म्हाईत नाय, साहेब. मुंबैला लाईट लागली का सोडतात. नाय लागली का बंद."

रावसाहेब क्षणभर विचारमग्न झाले. मग ते त्या जाकिटासह, शिरस्त्राणासह, वाळूतून ताडताड चालत काळ्या खडकाकडे गेले, रांगेतील मंडळींना "सरकारी काम आहे" असे सांगून वर चढले, आणि दादरच्या घरी नातवास फोन लावून, खाली उभ्या असलेल्या आम्हा सर्वांस स्पष्ट ऐकू येईल अशा मामलेदारी स्वरात त्यांनी आज्ञा केली, "दोन्ही खोल्यांतले एसी लाव. गीझर लाव. इस्त्रीपण लाव. आणि शेजारच्या कुलकर्ण्यांनाही लावायला सांग, म्हणावं रावसाहेबांनी सांगितलंय."